निकोमेडियात बादली नव्हती

१/
इसवी सन ११०च्या सुमाराची गोष्ट. रोमन साम्राज्याच्या बिथिनिया प्रांतातील निकोमेडिया नगरात (आजचे तुर्कस्तानातील इझमित) आग लागली. वारा सुसाट होता. अनेक खाजगी घरे जळाली आणि त्यांच्यासोबत दोन सार्वजनिक इमारतीही गेल्या: वृद्धांच्या सभेची वास्तू आणि इसिस देवीचे मंदिर. या दोन इमारतींच्या मधून रस्ता जात होता, तरी आग पलीकडे पोहोचली. नगरवासी मात्र जागच्या जागी उभे राहून पाहत होते.

२/
हे कळते ते प्रांताचा राज्यपाल धाकटा प्लिनी याच्या पत्रातून. वयाच्या सतराव्या वर्षी त्याने वेसुव्हियसचा उद्रेक खाडीपलीकडून पाहिला होता आणि त्याच आपत्तीत आपला मामा गमावला होता. आगीची बातमी आली तेव्हा तो प्रांताच्या दुसऱ्या भागात दौऱ्यावर होता. सम्राट ट्राजनला त्याने जे लिहिले ते त्याच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या भागात ३३व्या क्रमांकावर आहे. ३४वे पत्र म्हणजे सम्राटाचे उत्तर. दोन्ही मिळून पानभरही होत नाहीत. घरमालकाने आगीपासून आपले घर कसे राखावे, याविषयी शासनाने घेतलेल्या निर्णयाचा इतका मोकळा पत्रव्यवहार प्राचीन जगातून क्वचितच उरला आहे.

३/
प्लिनी आग पसरण्याची दोन कारणे देतो. पहिले वारा, दुसरे माणसांचा निष्क्रियपणा. एवढ्यावर तो थांबला असता तर हे पत्र आजच्या कोणत्याही शासकीय निवेदनासारखे वाचले गेले असते. पण लगेच पुढे तो नोंदवतो की नगरात कोठेही सार्वजनिक पंप नव्हता, बादली नव्हती, आग विझवण्याचे कसलेही साधन नव्हते.

४/
या दोन विधानांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लोक हातावर हात ठेवून उभे होते असे सांगायचे आणि नंतर त्यांच्या हातात देण्यासारखे काही नव्हतेच असेही सांगायचे! दुसरे विधान पहिल्याचे बरेचसे स्पष्टीकरण आहे, हे प्लिनीच्या लक्षात आले असावे. कारण साधने जमवण्याचा हुकूम आपण आधीच दिला आहे, असेही तो कळवतो.

५/
मग तो परवानगी मागतो ती माणसांची. बांधकाम करणाऱ्या कारागिरांचा, म्हणजे सुतार वगैरे मंडळींचा, फक्त १५० जणांचा एक संघ स्थापन करावा काय? कारागीर सोडून दुसऱ्या कोणाला आत घेणार नाही, संघ भलत्या कामाकडे वळू देणार नाही आणि इतक्या थोड्या लोकांवर नजर ठेवणे अवघड जाणार नाही, अशी हमीही तो देतो. आग विझवणाऱ्यांवर नजर ठेवण्याची हमी सम्राटाने मागण्याआधीच द्यावीशी वाटते, यातच त्या काळाचे राजकारण आले.

६/
ट्राजनने नकार दिला.

७/
त्याचे म्हणणे असे: इतर अनेक ठिकाणच्या उदाहरणांवरून तुला ही कल्पना सुचली हे खरे, पण हा प्रांत आणि विशेषतः तिथली नगरे अशाच मंडळ्यांमुळे त्रस्त झाली आहेत. नाव कोणतेही द्या आणि कारण कोणतेही असो, एकत्र आलेल्या माणसांचा थोड्याच काळात राजकीय गट बनतो. तेव्हा आग आवरण्याची साधने जमवावीत, आपापल्या मालमत्तेचे रक्षण स्वतः करण्याची समज मालकांना द्यावी आणि गरज पडली तर जमलेल्या गर्दीचा उपयोग करून घ्यावा.

८/
ट्राजनवर अन्याय होऊ नये म्हणून हे स्पष्ट असावे, की त्याने साधनांना नकार दिलेला नाही. बादल्या आणा, पंप आणा, घरमालकांना बजावा. शिकवलेली, संघटित माणसे मात्र नकोत. म्हणजे ज्या गर्दीला प्लिनी निष्क्रिय म्हणतो, तिच्याच भरवशावर नगराची सुरक्षा सोपवली गेली.

९/
इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग बहुधा 'रोमन सत्तेला संघटनांची वाटणारी भीती' या मथळ्याखाली येतो. ते योग्यच आहे. ख्रिस्ती समुदायाविषयीचे प्लिनीचे प्रसिद्ध ९६वे पत्र वाचताना अशा मंडळ्यांवरील बंदीचा उल्लेख पुन्हा भेटतो. परंतु प्रसंग केवळ राजकारणाच्या रकान्यात टाकला की घरमालकाचा विषय निसटतो. 'ज्याने त्याने आपले घर सांभाळावे' हा वरवर शहाणपणाचा वाटणारा नियम इथे आगीच्या अभ्यासातून जन्मलेला नाही. तो जन्मला बंडाच्या धास्तीतून.

१०/
ही धास्ती निराधार नव्हती. सव्वाशे वर्षे मागे जावे. रोममध्ये एग्नेशियस रूफस नावाच्या नगर-अधिकाऱ्याने स्वतःचे गुलाम कामाला लावून लोकांच्या घरांच्या आगी विझवल्या. लोकप्रियता इतकी वाढली की तो थेट कॉन्सलपदावर दावा सांगू लागला. इ.स.पू. १९मध्ये कटाच्या आरोपाखाली त्याला देहदंड झाला. जळत्या घरावर पाणी ओतणारा माणूस मतदारांच्या मनात घर करतो, हे ऑगस्टसने जवळून पाहिले होते.

११/
जाता जाता एक दुरुस्ती. क्रॅससने खाजगी अग्निशमन दल पाळले होते आणि घर विकल्याशिवाय ते दल आग विझवत नसे, ही कथा समाजमाध्यमांवर दर महिन्याला नव्याने उगवते. प्लुटार्कच्या चरित्रात आहे ते इतकेच: क्रॅसस जळणारी आणि शेजारची घरे पडेल भावात विकत घेई आणि बांधकाम जाणणारे ५००हून अधिक गुलाम त्याच्याकडे होते. आग विझवणाऱ्या दलाचा तिथे उल्लेख नाही. जे आहे तेही पुरेसे लाजिरवाणे आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही.

१२/
ऑगस्टसने वेगळा मार्ग काढला. आधी ६०० गुलाम नगर-अधिकाऱ्यांच्या हाताखाली दिले; नंतर इसवी सन ६मध्ये 'व्हिजिलेस' हे पगारी दल उभारले. सात तुकड्या, शहराचे १४ विभाग, प्रत्येक तुकडीकडे दोन. वर अधिकारी थेट सम्राटाने नेमलेला. संघटना धोकादायक असेल तर ती आपल्या मुठीत ठेवावी, हा त्यामागचा विचार.

१३/
राजधानीतील रहिवाशांवरही नियम होतेच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी घरात पाणी भरून ठेवावे, अशी ताकीद व्हिजिलेसच्या प्रमुखाने द्यावी असे रोमन विधिग्रंथ सांगतात. आणि विस्तवाबाबत हयगय करणाऱ्यांना तो फटक्यांची शिक्षाही देऊ शके. इसवी सन ६४च्या महाआगीनंतर नीरोने घरांच्या उंचीला मर्यादा घातली, सामाईक भिंतींना मनाई केली, इमारतींचे ठरावीक भाग लाकडाविना दगडात बांधण्यास सांगितले आणि प्रत्येकाने आग विझवण्याची साधने उघड्यावर, सहज हाती लागतील अशी ठेवावीत असा दंडक घातला. घरांसमोरील ओवऱ्या स्वतःच्या खर्चाने बांधून देण्याचे त्याने कबूल केले. (टॅसिटस पुढे लिहितो की काही लोकांना जुन्या अरुंद गल्ल्याच बऱ्या वाटत, सावली तरी होती! नगररचनेवरील तक्रारी किती जुन्या आहेत, हे यावरून दिसावे.)

१४/
म्हणजे रोममध्ये घरमालकावर कर्तव्य होते आणि त्याच्या पाठीशी दलही होते. निकोमेडियात कर्तव्य तेवढे आले. पश्चिमेकडील अनेक नगरांत कारागिरांचे संघ आगीच्या वेळी धावून जात असे मानले जाते. म्हणून तर ट्राजन 'इतर ठिकाणची उदाहरणे' असे म्हणतो. राजधानीला दल, विश्वासातल्या नगराला संघ आणि संशयातल्या नगराला उपदेश, अशी ही प्रतवारी होती.

१५/
आता भारताकडे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील ३६वा अध्याय 'नागरक' या नगरप्रमुखाच्या कामाचा आहे. त्यात घरमालकांसाठी आगीचे नियम आहेत आणि ते वाचताना स्वयंपाकघराचा धूर डोळ्यांत जावा इतके ते प्रत्यक्षातले आहेत.

१६/
उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत, म्हणजे साधारण सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, घरात विस्तव पेटवण्यास मनाई. पेटवला तर एक अष्टमांश पण दंड. अगदीच हवे असेल तर चूल घराबाहेर मांडावी. गवताने-तट्ट्यांनी शाकारलेले काढून टाकावे. लोहारासारख्या, विस्तवावर पोट असणाऱ्यांची वस्ती एका जागी करावी. रात्री घरमालकांनी आपापल्या दाराशी राहावे.

१७/
मग साधनांची यादी येते. पाच घागरी, त्याशिवाय रांजण, डोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, छपराचे गवत ओढून काढण्याचा पंजा आणि पखाल. ही साधने घरात नसतील तर पाव पण दंड. प्रत्येक वस्तूचे काम ठरलेले आहे. शिडी छपरावर चढण्यासाठी, कुऱ्हाड खांब-वासे तोडण्यासाठी, सूप धूर बाजूला वारण्यासाठी. आकडा आणि पंजा जळते छप्पर खाली ओढण्यासाठी. गवती छपरांच्या वस्तीत पाणी मारण्याइतकेच आगीचे खाद्य तोडून टाकणे महत्त्वाचे असते, हे यादी करणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

१८/
दंडांची चढती भाजणी पाहण्यासारखी आहे. याच ग्रंथात सर्वांत खालच्या सेवकाचे वार्षिक वेतन ६० पण दिले आहे. त्या मापाने दुपारच्या चुलीचा दंड एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी आणि साधने नसल्याचा दंड दीड दिवसाची मजुरी. पण आग लागलेली पाहून जो घरमालक धावून जात नाही, त्याला १२ पण: सुमारे अडीच महिन्यांचे वेतन! भाडेकरूला त्याच्या निम्मे, म्हणजे सहा पण. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्याला ५४ पण, म्हणजे जवळपास वर्षाची कमाई. जाणूनबुजून आग लावणाऱ्याला आगीतच मृत्यू.

१९/
यातील मालक आणि भाडेकरू हा भेद आधुनिक वाचकाने नजरेआड करू नये. ज्याची मालमत्ता, त्याचा भार दुप्पट. तरीही राहणारा मोकळा सुटत नाही. सर्वांत मोठा फरक कौटिल्य आळस आणि अनुपस्थिती यांत करतो. सूप नसणे ही किरकोळ चूक, शेजाऱ्याच्या हाकेला न जाणे ही मोठी.

२०/
आणि राज्य? ते फक्त दंड गोळा करीत बसलेले नाही. रस्त्यांवर, चौकांत, वेशींपाशी, राजाच्या इमारतींजवळ पाण्याच्या भांड्यांच्या हजारांच्या रांगा असाव्यात असे तिथे सांगितले आहे. नागरकाने पाण्याच्या जागांची रोज पाहणी करायची आहे. तिसऱ्या अधिकरणात दोन घरांमध्ये किष्कूभर (हातापेक्षा थोडे मोठे माप) किंवा तीन पाद अंतर ठेवण्याचाही नियम आहे.

२१/
कौटिल्य ट्राजनपेक्षा कमी संशयी होता, असे कोणी समजू नये. त्याच अध्यायात धर्मशाळेत उतरलेल्या पाहुण्यांची खबर देण्याची सक्ती आहे, कुटुंबांची मोजदाद आहे, रात्रीची संचारबंदी आहे. मात्र संचारबंदीतून कोणाला पकडू नये याची यादीही तो देतो: बाळंतपणासाठी जाणारा, वैद्यासाठी जाणारा, मृत्यूच्या कारणाने निघालेला, आणि आगीसाठी धावणारा. पाळत ठेवणारे राज्य आगीपुरते दार उघडते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवल्यावर खरा फरक दिसतो तो इथे.

२२/
आता अपेक्षित घोष: 'आमच्याकडे तेवीसशे वर्षांपूर्वी अग्निशमन व्यवस्था होती!' सबुरी. पहिली गोष्ट, ग्रंथाच्या काळाची. परंपरा त्याला चंद्रगुप्त मौर्याच्या चाणक्याशी जोडते. पण अनेक अभ्यासक त्याचे आजचे स्वरूप इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले मानतात. तसे असेल तर नागरकाचे नियम आणि ट्राजनचे पत्र जवळजवळ समकालीन ठरतात, आणि तुलना अधिकच रंगतदार होते.

२३/
दुसरी गोष्ट, नियम आणि वास्तव यांची. तटबंदी लाकडाची कधीही बांधू नये, कारण लाकडात आग दबा धरून असते, असे अर्थशास्त्र बजावते. मौर्यांच्या पाटलीपुत्राची तटबंदी मात्र लाकडी असल्याचे मेगॅस्थेनिसच्या आधारे स्ट्रॅबो सांगतो आणि पाटण्याजवळच्या उत्खननांत लाकडी तटाचे अवशेष मिळाले. बौद्ध परंपरेत, महापरिनिब्बान सुत्तात, पाटलीपुत्राला तीन संकटे सांगितली आहेत: आग, पाणी आणि आपसातील फूट. तेव्हा अर्थशास्त्रातील नियमांवरून लोक ते पाळत होते हे सिद्ध होत नाही. लोक कशाला भीत होते, एवढे मात्र कळते. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेही थोडे नाही.

२४/
या जुन्या मजकुराचा आजच्या महाराष्ट्राशी संबंध काय? 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा आग प्रतिबंधक व्यवस्था बसवण्याची आणि सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकतो. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यावे लागते. मालक आणि राहणारा, दोघेही उत्तरदायी: १२ पण आणि सहा पण यांची ही दूरची भावंडे.

२५/
दुसरीकडे, ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांच्या कामांपैकी एक विषय म्हणून नोंदवला आहे. म्हणजे कागदावर घरमालकही आहे आणि नगरही आहे. पण राष्ट्रीय इमारत संहितेतील कडक तरतुदींचा रोख बहुतांशी १५ मीटर व त्याहून उंच इमारतींकडे आणि गर्दीच्या वास्तूंकडे असतो. छोट्या शहरातील जुन्या पेठेतला दुमजली वाडा, खाली दुकान, वर बिऱ्हाडे, लाकडी जिना, जिन्याखाली रद्दी आणि गॅसची टाकी, हे चित्र त्या चौकटीत नीटसे बसत नाही. आगीला त्याची पर्वा नसते.

२६/
अशा वाड्याला आग लागली की दुसऱ्या दिवशी 'नागरिकांनी स्वतः खबरदारी घ्यावी' हे वाक्य ठरलेले असते. वाक्य चुकीचे नाही. जिन्यातील अडगळ हलवणे, जुनी वायरिंग बदलणे, स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहील हे पाहणे ही कामे कोणताही बंब करणार नाही. ती घरातल्यांचीच आहेत. आक्षेप आहे तो वाक्य इथेच संपण्याला. गल्लीत बंब शिरतो का, जवळचा पाण्याचा नळखांब चालू आहे का, शेजारच्या दहा घरांतील चार जणांना तरी अग्निशामक वापरता येतो का, हे प्रश्न विचारले नाहीत तर तो उपदेश ट्राजनचा आहे, कौटिल्याचा नाही. घरमालकाकडून कर्तव्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्याच नगराला पोहोचतो, ज्याने चौकात आपल्या घागरी भरून ठेवल्या आहेत.

२७/
निकोमेडियाची आणखी एक नोंद बाकी आहे. त्याच पत्रसंग्रहातील ३७वे पत्र. प्लिनी सम्राटाला कळवतो: या नगराने जलवाहिनीवर ३३,१८,००० सेस्टर्स खर्च केले, ती अपुरी राहिली, सोडून दिली गेली, पाडलीही गेली. मग दुसऱ्या जलवाहिनीवर आणखी २,००,००० सेस्टर्स घातले. तीही अर्धवट सुटली. आता पाणी हवे असेल तर नव्याने खर्च करावा लागेल. आपण स्वतः जाऊन स्वच्छ पाण्याचा झरा पाहून आलो आहोत. कमानी बांधल्या तर ते पाणी नगराच्या केवळ सखल भागात अडकून न राहता वरच्या वस्तीपर्यंतही नेता येईल.

२८/
या पत्राला ट्राजनने दिलेले उत्तर अधिक तिखट आहे. पाणी नगरात पोहोचलेच पाहिजे, असे तो सांगतो. आणि त्याबरोबर हेही शोधून काढायला बजावतो, की आजवर इतका पैसा कोणाच्या दोषाने वाया गेला. आपापसात संगनमत करून या जलवाहिन्या सुरू करायच्या आणि सोडून द्यायच्या, असे तर कोणी केले नाही ना.